आकडा, नाव आणि वीरगळ

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली. महायुद्ध आणि मराठी साहित्य असा विषय निघाला की बहुतेकांच्या ओठी प्रथम हेच नाव येते, आणि ते योग्यच आहे. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावरचे निर्वासित ज्यू, चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा यांचे अल्पायुषी प्रेम, आणि या सगळ्यावर पडलेली येऊ घातलेल्या युद्धाची सावली, एवढ्या सामग्रीतून बेडेकरांनी जे उभे केले ते मराठी कादंबरीला तोवर अपरिचित होते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावी आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी ही कादंबरी पुन्हा वाचत होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने अगदी साधा प्रश्न विचारला. कादंबरीचे नाव ‘रणांगण’ आहे, पण तीत शिपाई कोठे आहे? महायुद्धांत मराठी माणसे लढली नव्हती काय? लढली असतील तर ती आपल्या वाचनात का येत नाहीत?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या स्वरूपातच आहे. बेडेकरांचे रणांगण मनाचे आहे, आणि त्यात शिपाई नाही हा त्या कलाकृतीचा दोष नव्हे. दुसऱ्याचे उत्तर इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात सापडते. तिसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हांला बरेच दिवस सोडले नाही. त्याचा मागोवा घेताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

विषय फार पसरू नये म्हणून आम्ही एकच पलटण डोळ्यांसमोर ठेवतो. ‘बटालियन’ला मराठी माणसाने दिलेला शब्द पलटण हाच आहे, आणि तो आपल्या भाषेत इतका मुरला आहे की पोराबाळांच्या घोळक्यालाही आपण पलटणच म्हणतो. आम्ही निवडलेली पलटण म्हणजे ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. १७९७ साली मुंबई इलाख्याच्या सैन्यात ती उभी राहिली. १९२२च्या पुनर्रचनेत तिचे नाव ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन असे झाले. पहिल्या महायुद्धाच्या आधी मराठा पलटणींत प्रामुख्याने देशावरचे मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान यांची भरती होत असे. नावात एक जात असली तरी पलटणीत एकाहून अधिक समाजांची माणसे होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्याचा सर्वांत मोठा भरणा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. मराठी घरांना त्या मुलखातले एक नाव फार पूर्वीपासून ठाऊक होते. नथीत गुंफलेला बसरा मोती हा आपल्या दागिन्यांच्या भाषेतला मानाचा शब्द. त्याच बसऱ्याच्या बंदरात जी ६वी पुणे डिव्हिजन उतरली, तिच्या तीन ब्रिगेडींत १०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने सरकली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी तेसिफोन येथे तुर्की सैन्याशी मोठी लढाई झाली. तीत इतकी हानी झाली की पुढे जाणे अशक्य होऊन डिव्हिजन मागे वळली आणि नदीच्या वळणावरच्या कूट-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने वेढा चालला.

वेढ्यातल्या उपासमारीची हकिकत इंग्रजी ग्रंथांत सविस्तर आली आहे. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली. भारतीय शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस खाण्यास नकार दिला, म्हणून भारतातल्या धर्मगुरूंकडून अनुज्ञा मागवण्यात आली. तरीही अनेकजण अखेरच्या आठवड्यांपर्यंत अडून राहिले. लष्करी इतिहासकार या नकाराची नोंद बहुधा पुरवठ्याची अडचण म्हणून करतात. आम्हांला त्यात वेगळे काही दिसते. घरी परतल्यावर आपल्याला पंगतीत घेतील काय, या चिंतेशी तो माणूस झगडत होता. तोफेच्या गोळ्याइतकेच गावाचे भय खरे होते, कारण आपण गावी परतणार ही आशा त्याने सोडली नव्हती. मराठी कथाकाराला हा प्रसंग मिळाला असता तर त्याने त्याचे काय केले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२९ एप्रिलला कूट शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी चालवले गेले आणि त्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. कैदेत गेलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत, आणि भारतीयांपैकीही हजारो तेथेच संपले. कूटच्या सुटकेसाठी निघालेल्या सैन्याची हानी त्याहून मोठी, सुमारे तेवीस हजारांची होती. या सैन्यात ब्लॅक वॉचची दुसरी आणि सीफोर्थ हायलँडर्सची पहिली अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. जानेवारी १९१६मधील लढायांत त्या इतक्या घटल्या की दोघींची उरलेली माणसे एकत्र करून एकच ‘हायलँड बटालियन’ बनवावी लागली. स्कॉटिश डोंगराळ प्रदेशातला मेंढपाळाचा मुलगा आणि सह्याद्रीच्या कुशीतला कुणब्याचा मुलगा एकाच नदीच्या चिखलात, एकाच साम्राज्याच्या हुकुमावरून, एकमेकांपासून काही मैलांवर मेले.

येथवर दोघांची गोष्ट सारखी आहे. मरणानंतर मात्र ती वेगळी होते.

साम्राज्याच्या मृत सैनिकांची स्मृती जपण्यासाठी १९१७ साली इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. पुढे त्याचेच नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन झाले. सर्वांना समान वागणूक हे त्याचे मूलभूत तत्त्व होते. हुद्दा, वंश वा धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव दगडावर यावे, असा त्याचा अर्थ. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी कमिशनने बसऱ्याजवळ स्मारक बांधले आणि १९२९ साली त्याचे उद्घाटन झाले. या स्मारकावर ब्लॅक वॉच आणि सीफोर्थ यांचे साधे शिपाईही नावानिशी कोरले आहेत. भारतीय पलटणींच्या फलकांवर मात्र अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांपर्यंतची नावे आहेत आणि त्यांच्या खाली इतर भारतीय शिपायांची केवळ संख्या आहे. स्मारकात ज्यांचे स्मरण आहे त्यांत बहुसंख्य भारतीयच, आणि त्यांच्यातले बहुसंख्य असे आकड्यात गेलेले.

हा भेद अजाणता झाला नाही, हे त्याच काळातल्या दुसऱ्या एका स्मारकावरून दिसते. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेल येथे भारतीय सैन्याचे स्मारक १९२७ साली उभे राहिले. त्यावर चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे कोरली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. युरोपच्या भूमीवर मेलेल्या शिपायाला नाव मिळाले आणि आशियाच्या भूमीवर मेलेल्या त्याच्या भावाला आकडा. त्याच वर्षी, १९२७ साली, एडिंबरोच्या किल्ल्यात स्कॉटलंडचे राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले. तेथे रेजिमेंटवार नामावल्यांचे ग्रंथ मांडून ठेवले आहेत. कोणीही जावे, पान उलटावे आणि आपल्या आजोबाच्या नावावर बोट ठेवावे. स्कॉटिश पलटणींचे स्मरण शंभर वर्षांनंतरही तिकडच्या गावांत, चर्चमध्ये आणि पुस्तकांत इतके जिवंत आहे, याचे कारण केवळ त्यांची भावनाशीलता नाही. बोट ठेवायला त्यांना नाव मिळाले.

कमिशनने या भेदाची कबुली द्यायला जवळजवळ शंभर वर्षे घेतली. एप्रिल २०२१मध्ये त्याने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० तर कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांचे नावानिशी स्मरण झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कमिशनने माफी मागितली आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्येही खेद व्यक्त झाला. नोंदी अपुऱ्या होत्या हे एक कारण होतेच, पण तेवढेच नव्हे. या लोकांना कोरलेल्या नावाचे काय महत्त्व वाटणार, असा त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांचा समज होता, हे त्या अहवालातूनच स्पष्ट होते.

हा समज खरा होता काय? आपल्या समाजात शूराचे स्मरण दगडात करण्याची पद्धत साम्राज्याच्या कितीतरी आधीची आहे. महाराष्ट्रात कोठेही जा, देवळाच्या आवारात, वेशीपाशी वा पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे किंवा आडवे पडलेले दिसतात. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरे सोडवताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि शेंड्याला चंद्रसूर्य. सेत्तर आणि सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या १९८२च्या स्मृतिशिलाविषयक ग्रंथानंतर अभ्यासकांचे या दगडांकडे विशेष लक्ष गेले. कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतात, तर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. म्हणजे येथेही नाव नाहीच.

तरीही वीरगळ आणि बसऱ्याचा फलक यांत मोठे अंतर आहे. वीरगळ जेथे माणूस ओळखीचा होता तेथे उभा असे. नाव लिहिण्याची गरज नव्हती, कारण ते गावाला तोंडपाठ होते. नाव विसरले गेले तरी दगडाला शेंदूर लागत राहिला, तो गावाचा वीर झाला आणि कधी देवही झाला. वीरगळावर अक्षर नसले तरी चेहरा आहे, हातात तलवार आहे, त्याला स्वर्गात नेणारे कोणी आहे. बसऱ्याच्या फलकावर अक्षर आहे, पण त्या अक्षरातून कोणीच दिसत नाही. शिवाय तो फलक गावापासून हजारो मैलांवर. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने तो मूळ जागेवरूनही हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आला.

गावांत काही केले गेले नाही असे नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, अनेक गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक लहान संगमरवरी पाटी आढळते. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. येथेही पुन्हा आकडाच. पण गावातला आकडा बसऱ्यातल्या आकड्यासारखा मुका नव्हता. सात गेले, दोन आले नाहीत, असे पाटीवर वाचणाऱ्याला ते दोघे कोण हे सांगावे लागत नव्हते, निदान एक-दोन पिढ्या तरी. आज त्या पाट्यांवर रंगाचे थर चढले आहेत, आणि ‘ते दोघे कोण’ या प्रश्नाला उत्तर देणारे उरलेले नाहीत.

दगडावर नाव असण्याने काय होते, याचे महाराष्ट्रातच एक फार मोठे उदाहरण आहे. भीमा-कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे त्यावर आहेत. त्यांतली बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, आणि तो प्रत्यय महार समाजातल्या नावांची खूण होता. ज्यांनी स्तंभ उभारला त्यांच्या मनात या बावीस नावांचा वेगळा अर्थ असण्याचे कारण नव्हते. पण शंभर वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि विजेत्यांच्या त्या दगडावर एका समाजाने स्वतःचा इतिहास वाचला. ज्या महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली होती, त्यांच्यासाठी ही नावे पुराव्याच्या जागी उभी राहिली. त्या लढाईच्या अर्थाविषयी मतभेद आहेत आणि राहतील. आमचा मुद्दा एवढाच की तेथे नावांऐवजी ‘आणि इतर बावीस शिपाई’ असे कोरले असते, तर हे वाचन घडलेच नसते. नाव कोरणाऱ्याचा हेतू काहीही असो, ते पुढे वाचणाऱ्याचे होते. आकड्याला हे साधत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साम्राज्याने आकडा कोरला, हे साम्राज्याचे झाले. मराठी साहित्याने काय केले?

आमच्या मते येथे तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली गोष्ट राजकीय. १९१८च्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी लोकमान्य टिळकांचे भाषण थांबवले. स्वराज्याचा शब्द मिळाल्याशिवाय युद्धाला मदत कशी द्यावी, हा तेव्हाचा प्रश्न होता. दुसऱ्या बाजूला शाहू छत्रपतींसारखे संस्थानिक भरतीला उत्तेजन देत होते. पुण्यातल्या शिवस्मारकाची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसली, ती याच वातावरणात. पुढे राष्ट्रीय चळवळ बळावली तशी साम्राज्यासाठी लढलेल्या शिपायाची आठवण अडचणीची झाली. तो ना हुतात्मा, ना देशद्रोही. त्याच्यासाठी आपल्याजवळ शब्दच नव्हता.

दुसरी गोष्ट सामाजिक. लिहिणारा वर्ग आणि लढणारा वर्ग आपल्याकडे वेगळे राहिले. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा लेखकाच्या घरातून कोणी शिपाई म्हणून बसऱ्याला गेले नव्हते, आणि ज्यांच्या घरातून गेले त्यांच्या घरात लेखणी पोचायची होती. तिसरी गोष्ट कागदपत्रांची. फ्रान्समधल्या भारतीय शिपायांच्या पत्रांचे उतारे आज उपलब्ध आहेत, पण ते टपाल तपासणाऱ्या कचेरीने काढलेल्या इंग्रजी अनुवादात. ज्या भाषेत ती पत्रे लिहिली किंवा लिहवून घेतली गेली, ती भाषा त्या उताऱ्यांत उरलेली नाही. शिपायाचा शब्द आपल्यापर्यंत आला तो त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्याच्या भाषेत.

मराठीला दूरच्या रणभूमीचे वावडे होते असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ज्या शाहिराला शाळेचे तोंड फारसे पाहता आले नाही, त्याने व्होल्गाकाठची लढाई मराठी डफावर आणली. पोवाडा हा मुळात लढवय्यांचे स्मरण करणारा प्रकार, आणि त्याची ताकद संपलेली नव्हती. पण शाहिराला लढाईत आपले काही दिसावे लागते. स्टालिनग्राडमध्ये कामकऱ्यांचे राज्य वाचत होते, ते अण्णाभाऊंना आपले वाटले. त्याच सुमारास मराठे इंग्रजांच्या बाजूने इटलीच्या साम्राज्याशी लढत होते. त्यात आपले काय, हा प्रश्न कठीण होता आणि आजही आहे.

ती लढाई आमच्याच पलटणीची आहे. कूटला शरण गेलेली ११०वी पुन्हा उभी करण्यात आली. १९४१ साली, आता तिसरी बटालियन या नावाने, ती एरिट्रियातल्या केरेन येथे होती. केरेनच्या डोंगरांवर इटालियन फौजा भक्कम बसल्या होत्या. १५ मार्च १९४१ रोजी डोलोगोरोडोक किल्ल्याच्या चढणीवर प्रथम हायलँड लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे पुन्हा एक स्कॉटिश पलटण, पाठवण्यात आली. भर उन्हात, वरून होणाऱ्या माऱ्यापुढे तिला पुढे सरकता आले नाही. रात्र पडल्यावर मराठे चढले आणि त्यांनी ‘पिनॅकल’ नावाचा सुळका घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे वेस्ट यॉर्कशायर पलटणीने किल्ला ताब्यात घेतला, आणि २७ मार्चला केरेन पडले. केरेनच्या युद्धदफनभूमीत ज्या हिंदू व शीख सैनिकांना अग्नी दिला गेला त्यांचे वेगळे स्मारक आहे. कूट ते केरेन हे अंतर पंचवीस वर्षांचे. तेवढ्या काळात शिपायाला आकड्यात गुंडाळणे कमिशनला अशक्य होऊ लागले होते.

याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सर्वजण पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. बंदुकीत दुसरे मॅगझिन घालण्यास वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मारले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आमच्या बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव हे पहिल्या बटालियनचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, आणि मग एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी नष्ट केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परतले आणि १९८४ साली वारले.

पदक मिळालेल्याचे नाव राहते, हे ठीकच. पण पदक अपवादाला मिळते. घाडग्यांच्या तुकडीतले जे आधीच पडले होते, त्यांच्यावाचून घाडग्यांची गोष्ट पुरी होत नाही.

येथे चकलांब्याचा वाचक विचारील की या सगळ्यात मराठवाडा कोठे आहे? १९१४ साली चकलांबा निजामाच्या राज्यात होते, आणि पश्चिमेकडची हद्द ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाखा. निजामी मुलखाचाही या इतिहासाशी संबंध आहे, पण तो वेगळ्या वाटेने. आजचे अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद. तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले. त्याच्या पायदळातून निघालेली ९७वी डेक्कन इन्फन्ट्री कूटच्या सुटकेसाठी लढली. पुढे या पलटणी मिळून १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली. पण नाव दख्खनचे राहिले तरी भरती अधिकाधिक उत्तरेकडची होत गेली, आणि अखेर १९४५ साली त्या रेजिमेंटला कुमाऊँ हे नाव मिळाले. बसऱ्याला शिपायाचे नाव गेले आणि आकडा राहिला. येथे पलटणीवरचे आमच्या मुलखाचे नावही हळूहळू पुसले गेले.

या कथेला एक शेवट आहे, आणि तो कोणी योजलेला नाही. १९५२ साली स्वतंत्र भारताची पॅराशूट रेजिमेंट तीन पलटणी एकत्र करून उभी राहिली. त्यांतली एक आमची तिसरी मराठा, जिचे नाव तेव्हापासून २ पॅरा झाले. दुसरी पंजाब रेजिमेंटची होती, आणि तिसरी पहिली कुमाऊँ, म्हणजे मूळची हैदराबाद कंटिंजंटचीच रसेल पलटण. इलाख्याची आणि निजामाची अशा दोन्ही बाजूंच्या पलटणी एका छत्राखाली आल्या. त्यानंतर चार वर्षांनी, १९५६ साली, चकलांब्याच्या पश्चिमेची ती राज्यसीमाही नाहीशी झाली.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. सैन्याच्या इतिहासात आम्हांला गती नाही, आणि साम्राज्याच्या युद्धांचे गोडवे गाण्याची इच्छाही नाही. पण एक काम असे आहे की जे लष्करी इतिहासकारांपेक्षा आमच्याच हातून नीट होईल. बसऱ्याच्या दगडावर नसलेली अनेक नावे कमिशनच्या नोंदवहीत आज सापडतात, आणि ती आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील असतो. पण हे सारे रोमन लिपीत, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत असेलच असे नाही. एकच जाधव तेथे तीन-चार रूपांत भेटू शकतो, आणि गावाचे नाव असे काही होऊन बसते की त्या गावच्या माणसालाही ओळखू नये. या नोंदी वाचून, मूळ उच्चार ओळखून, गाव शोधून त्या पुन्हा देवनागरीत आणणे हे शेवटी पाठचिकित्सेचेच काम आहे. जुन्या पोथीतला भ्रष्ट पाठ दुरुस्त करताना आपण जी साधने वापरतो, तीच येथे लागतात. लिपीची जाण, बोलींची जाण, आडनावांची आणि गावनावांची जाण हवी, आणि थोडा धीर हवा.

कोकणातल्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या चावडीवर ‘दोघांनी प्राण दिले’ अशी पाटी असेल आणि नोंदवहीत त्याच गावची दोन नावे मिळाली, तर ती त्या गावच्या शाळेत मोठ्याने वाचून दाखवावीत. त्यासाठी त्या युद्धाला न्याय्य मानण्याची गरज नाही. वीरगळाला शेंदूर लावणारी म्हातारीही ती लढाई कोणाची होती हे विचारीत नाही. दगडातला माणूस आपल्या गावचा आहे, एवढे तिला पुरते.

‘रणांगण’मध्ये शिपाई का नाही, असे ज्याने विचारले तो विद्यार्थी सध्या अशाच एका यादीवर काम करीत आहे. पहिल्या आठवड्यात त्याला सहा नावे लावता आली. त्यांतल्या एका नोंदीत बापाच्या नावाखेरीज काहीच नव्हते. ते नाव त्याने वहीत देवनागरीत लिहिले आणि पुढची जागा मोकळी सोडली.